चार आठवडे, चार हात: नव्या बाहुलीनाट्यासाठी रेसिडेन्सीत नेमकं काय करावं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चूक होत असेल तर लगेच लक्षात येईल. तुम्ही दोघी नाट्यशास्त्र शिकलेल्या, बाहुल्यांचा अनुभव दोन-तीन कार्यशाळांपुरता. एका म्हाताऱ्या विहीर खणणाऱ्याची आणि त्याच्या नातीची गोष्ट शब्दांशिवाय, बाहुल्यांतून, साधारण 45 मिनिटांत सांगायची आहे. त्यासाठी जुलैत कोकणात चार आठवड्यांची रेसिडेन्सी, म्हणजे एका संस्थेत राहून काम करण्याची संधी, मिळाली आहे. राहणं-जेवण, 20 फूट बाय 25 फुटांची तालमीची खोली, शेजारी पत्र्याची शेड, खर्चासाठी 40,000 रुपये आणि शेवटच्या शनिवारी 20 मिनिटांचं सादरीकरण. जाण्याआधी संहिता पूर्ण करावी की बाहुल्या बनवून न्याव्यात, आणि बाहुल्या कोणत्या प्रकारच्या, हे तुम्ही विचारलं आहे.

माझं उत्तर: पूर्ण संहिता नेऊ नका आणि तयार बाहुल्याही नेऊ नका. क्रियांची यादी न्या. कारण तुमची खरी अडचण संहितेची नाही आणि बाहुल्यांच्या प्रकाराचीही नाही. तुमच्याकडे दोन माणसं आहेत, म्हणजे चार हात आहेत, आणि गोष्टीत म्हातारा, नात, दोर, पहार, घमेलं, पाणी आणि अंधार एवढं सगळं हलवायचं आहे. हा हिशोब कागदावर लिहून सुटत नाही, बाहुली हातात धरूनच सुटतो. रेसिडेन्सीचा खरा उपयोग तोच. तिथे प्रयोग पूर्ण करायला जायचं नसतं. चार हातांत ही गोष्ट बसते का आणि बसवताना तिचं काय होतं, हे शोधायला जायचं असतं.

काही गोष्टी अर्थातच तुमच्या संस्थेवर अवलंबून आहेत. सगळ्या रेसिडेन्सी एकसारख्या नसतात. ब्रुकलिनच्या सेंट ॲन्स वेअरहाउस या नाट्यसंस्थेची पपेट लॅब कलाकारांना कित्येक महिने नियमित भेटवत असे आणि शेवटी अपुरी कामंच, अपुरी म्हणूनच, लॅबापलूझा नावाच्या महोत्सवात लोकांसमोर ठेवत असे. कनेक्टिकटमधल्या वॉटरफर्डच्या यूजीन ओनील थिएटर सेंटरमधली बाहुलीनाट्य परिषद याच्या उलट, उन्हाळ्यात थोड्या दिवसांची आणि अतिशय सघन. फ्रान्समध्ये शार्लव्हिल-मेझिएर इथली बाहुलीकलेची आंतरराष्ट्रीय संस्था 1981 पासून आहे. तिथे निवासी कलाकाराला ग्रंथसंग्रह आणि संशोधनाची जोड मिळते. अमेरिकेतली जिम हेन्सन फाउंडेशन 1982 पासून तिथल्या कलाकारांना मदत करते, आणि कार्यशाळेच्या टप्प्याचं अनुदान ती पूर्ण निर्मितीच्या अनुदानापेक्षा वेगळं ठेवते. हा फरक मनात पक्का करा. तुम्हाला मिळालेले चार आठवडे कार्यशाळेचे आहेत, निर्मितीचे नाहीत. संस्थेकडून आलेल्या पत्रात ‘सादरीकरण’ असा शब्द असेल, तर त्यांना आत्ताच लिहून विचारा की त्यांना तयार प्रयोग अपेक्षित आहे की चालू काम. बहुतेकांना चालू कामच हवं असतं, पण हे आधी लेखी ठरलेलं नसलं की शेवटच्या आठवड्यात निमंत्रितांची यादी वाढते आणि तुम्ही घाबरून रंगकाम करत बसता. त्याच पत्रात आणखी तीन गोष्टी विचारा: बाहुल्या आणि कामाचे हक्क कोणाचे, शेडमध्ये हवा खेळती आहे का, आणि रात्री किती वाजेपर्यंत ठोकाठोक चालेल.

आता यादीबद्दल. संहितेत तुम्ही लिहाल, ‘म्हातारा थकून बसतो, त्याला तरुणपण आठवतं.’ बाहुलीला यातलं फक्त ‘बसतो’ कळतं. म्हणून गोष्टीतल्या अशा क्रिया वेचा ज्या हाताने, पाठीने, मानेने करता येतात: पहार मारणं, घमेलं भरणं, दोर ओढणं, खडकाला कान लावणं, नातीचं कपाळ पुसणं, ओल्या मातीचा वास घेणं, पहिलं पाणी ओंजळीत धरणं. अशा 15 ते 20 क्रिया पुरेत. प्रत्येकीपुढे एकच प्रश्न लिहा: ही क्रिया नटापेक्षा बाहुली जास्त चांगली करेल का? खडकाला कान लावणं बाहुली नटापेक्षा चांगलं करते, कारण लाकडाची मान थांबली की प्रेक्षकही श्वास रोखतो. भांडण करणं बाहुली वाईट करते. ज्या क्रियेपुढे ‘नाही’ येईल ती बिनदिक्कत काढून टाका. शब्द नसलेल्या प्रयोगात नटाची क्रिया बाहुलीला दिली की ती नुसती नक्कल वाटते.

मग हातांचा तक्ता. एका मोठ्या कागदावर चार उभे रकाने आखा: पहिलीचा डावा हात, पहिलीचा उजवा, दुसरीचा डावा, दुसरीचा उजवा. आडव्या ओळीत प्रसंगाचा एकेक ठोका, म्हणजे एकेक छोटा टप्पा. प्रत्येक चौकटीत त्या क्षणी तो हात काय धरून आहे ते लिहा. जपानी बुनराकूत एका बाहुलीला तीन माणसं लागतात: मुख्य चालक डोकं आणि उजवा हात सांभाळतो, दुसरा डावा हात, तिसरा पाय. तुमच्या दोघींत पूर्ण म्हातारा असा चालवायचा तर एकीकडे डोकं आणि उजवा हात, दुसरीकडे डावा हात आणि दोन्ही पाय. झाले चारही हात गुंतले. नातीला कोण धरणार, दोर कोण ओढणार? तक्त्यात हे पहिल्या दहा मिनिटांत दिसतं. तक्ता केला नाही तर तिसऱ्या आठवड्यात दिसतं, आणि तेव्हा बाहुली बनून गेलेली असते.

सुटका तीन वाटांनी होते. पहिली म्हणजे पाय काढून टाकणं. राजस्थानच्या कठपुतळीला पाय नसतात, लांब घागरा असतो, आणि तरी ती चालते असं आपल्याला वाटतं, कारण कापडाचा घेर प्रत्येक पावलाला मागे राहून पुढे येतो. तुमच्या म्हाताऱ्याला गुडघ्याखाली सैल धोतर आणि आत दोन बोटभर शिसं शिवलं की तेच साधेल. दुसरी वाट हत्याराची. म्हाताऱ्याचे दोन्ही तळवे पहारीला कायम बांधले, तर पहार हलवणारा एकच हात त्याचे दोन्ही हात हलवतो. एकटी व्यक्ती एका हाताने डोकं आणि दुसऱ्याने पहार धरून पूर्ण खणण्याचा प्रसंग करू शकते. तिसरी वाट नातीची. ती म्हाताऱ्याइतकी गुंतागुंतीची असायची गरज नाही. दांडीवर डोकं आणि खाली झगा, उंची 30 ते 35 सेंटीमीटर, एका हातात चालेल अशी. लहान मूल बाहुलीत हातांनी कमी आणि मानेने जास्त बोलतं.

पहिल्या आठवड्यात खरी बाहुली बनवायला घेऊ नका. ब्राउन पेपरची, म्हणजे वह्यांना कव्हर घालतो त्याच खाकी कागदाची कच्ची बाहुली करा. 60 सेंटीमीटर उंचीच्या बाहुलीला साधारण पाच मीटर कागद, 24 मिलिमीटरची मास्किंग टेप दोन रोल आणि जुनी वर्तमानपत्रं लागतात. कागद आधी चार-पाच वेळा चुरगाळून उलगडा. कडक कागद तालमीत कडकडतो आणि घडीवर फाटतो. मऊ झालेला कागद कापडासारखा वागतो. डोकं वर्तमानपत्राच्या घट्ट गोळ्याचं, 12 सेंटीमीटर उंच. माणसाच्या खऱ्या प्रमाणापेक्षा हे मोठं आहे, आणि तसंच हवं, नाहीतर पाचव्या रांगेतून चेहरा दिसत नाही. छाती आणि कंबर हे दोन वेगळे तुकडे करा आणि मध्ये तीन-चार सेंटीमीटर पिळलेला कागद ठेवा. बहुतेक जण धड एकाच तुकड्याचं करतात आणि मग बाहुली वाकत नाही, कोसळते. कोपर आणि मनगटाच्या जागी आत काही भरू नका, नुसता चपटा कागद सोडा, तोच सांधा. डोक्याच्या मागे 12 सेंटीमीटरची दांडी, थोडी खाली झुकलेली. दोघींना अर्ध्या दिवसात हे जमतं. तीन बाहुल्या करा, वेगवेगळ्या मापांच्या: 45, 60 आणि 75 सेंटीमीटर. त्याच पाच क्रिया तिन्हींवर करून बघा. कोणतं माप तुमच्या गोष्टीचं आहे ते वाद न घालता कळेल.

कागदी बाहुलीवर शोधायच्या गोष्टी चार. श्वास ही पहिली. छाती एक-दोन सेंटीमीटर वर जाते, किंचित थांबते, खाली येते. दक्षिण आफ्रिकेतल्या हँडस्प्रिंग या बाहुलीनाट्य कंपनीचे एड्रियन कोहलर आणि बेसिल जोन्स श्वासालाच बाहुलीची मूळ हालचाल मानतात, आणि कामात ते पटतं. श्वास घेणारी स्थिर बाहुली जिवंत असते, श्वास न घेणारी धावती बाहुली वस्तूच राहते. दुसरी गोष्ट नजर. आधी डोळे, मग मान, मग धड, या क्रमाने वळा. तिसरी जमीन. नव्या चालकाच्या हातून सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे बाहुली हवेत तरंगणं. हात दमला की बाहुली हळूहळू खाली बसते, भान आलं की उचलली जाते. धोतराची कड टेबलापासून किती वर आहे यावर एकीने सतत लक्ष ठेवावं. चौथी वजन. रिकामं घमेलं जड दाखवायचं तर घमेल्याला बारीक दोरा बांधा आणि दुसरीने तो खालून ओढून धरावा. उचलताना आधी कंबर खाली जाते, क्षणभर काहीच होत नाही, मग घमेलं हलतं. तो क्षणभराचा विराम म्हणजेच वजन.

आरसा वापरू नका. आरशात बघणारी व्यक्ती बाहुलीकडे बघत नाही, आणि चालक जिथे बघतो तिथेच प्रेक्षक बघतो. मोबाइल तिपाईवर लावा, पाच मिनिटं चित्रित करा, बघा, पुन्हा करा.

जुलैतल्या कोकणाचा विचार साहित्य निवडताना आधीच करायला हवा. कागदाच्या लगद्याचे चार-पाच थर एरवी प्रत्येकी एका दिवसात वाळतात, पण भर पावसात दोन-तीन दिवसांतही वाळत नाहीत. वरून कोरडं लागतं, आत ओल राहते, वर रंग चढवला की आठवड्याने बुरशी बाहेर येते आणि डोकं आंबूस वास मारतं. खळ वापरली तर बुरशी आणखी लवकर. जुने बुकबाइंडर खळीत मोरचूद घालत, पण तो विषारी आहे आणि तुम्ही डोकं दिवसभर हातात धरणार, तेव्हा नकोच. या हवेत थर्माकोल किंवा फोमचं डोकं कोरून त्यावर मलमलचे दोन थर लावणं सोपं. फेव्हिकॉलमध्ये निम्म्याला निम्मं पाणी घालून मलमल बुडवा, पिळून काढा, मग लावा. पंख्याखाली एका रात्रीत बऱ्यापैकी वाळतं. फोमला चपला-सोफ्याचं पिवळं चिकट सोल्युशन चालतं, पण तेच थर्माकोलला लावलं तर त्यातलं द्रावक थर्माकोल विरघळवून टाकतं आणि गाल आत जातो. हे सोल्युशन बंद खोलीत वापरू नका, शेडच्या उघड्या बाजूला बसा. ग्लू गनचा गोंद तात्पुरत्या कामाला ठीक, पण ओढ बसणाऱ्या सांध्यावर तो दिव्याच्या उष्णतेने सैल पडतो. सांध्यावर दोरा शिवा.

लाकूड हवंच असेल तर हलकं घ्या. आपल्याकडे सावंतवाडीच्या खेळण्यांना पांगारा वापरला गेला तो हलकेपणासाठीच. पण नवख्या हाताने चार आठवड्यांत लाकडी डोकं कोरू नये, त्यातच दोन आठवडे जातील.

वजनाची मर्यादा आधी ठरवा आणि मोडू नका. डोकं दांडीसकट 200 ते 250 ग्रॅम, पूर्ण म्हातारा एक किलोच्या आत. खात्री करायची असेल तर एक लिटर पाण्याची भरलेली बाटली कोपर दुमडून, शरीरापासून वीतभर पुढे, दहा मिनिटं धरून उभ्या राहा. सातव्या मिनिटाला मनगट काय सांगतं ते बघा, आणि तुमचा प्रयोग 45 मिनिटांचा आहे हे आठवा. डोक्यातली दांडी नुसती थर्माकोलात खुपसली तर दोन दिवसांत ती जागेवर फिरायला लागते आणि बाहुली बघते भलतीकडे. दांडीच्या आतल्या टोकाला आडवी काडी ठोका आणि प्लायच्या छोट्या चकतीत बसवा, मग ती चकती डोक्यात चिकटवा.

कोपराचा सांधा एकाच दिशेने दुमडावा यासाठी सोपी युक्ती आहे. दंड आणि हाताची टोकं सपाट कापा, एकमेकांना टेकवा आणि कापडाची पट्टी फक्त पुढच्या, म्हणजे कोपराच्या आतल्या बाजूला चिकटवा. हात पुढे दुमडतो, मागे जायला गेला की सपाट टोकं एकमेकांवर अडतात. गुडघा करणार असाल तर पट्टी मागच्या बाजूला. हत्यार हातात धरायला आणि सोडायला तळव्यात 10 मिलिमीटरचं चकतीचं लोहचुंबक बसवा आणि हत्यारात लोखंडी वॉशर. दोन्हीकडे चुंबक लावलं तर उलट बाजू समोर आली की हत्यार चिकटण्याऐवजी उडतं, आणि ते नेमकं प्रेक्षकांसमोर घडतं.

चेहऱ्याबद्दल एकच सांगतो, पण ते महत्त्वाचं आहे. हसू किंवा दुःख कोरू नका. कपाळ, गालफड आणि नाकाची बाजू अशी ठळक पातळ्यांत कापा की दिवा बाजूने आला की छाया बदलतील. मान खाली झुकली की भुवईची सावली डोळ्यांवर येते आणि म्हातारा थकलेला दिसतो, वर उचलली की तोच आशेने बघतो. रंग मॅट, चकचकीत व्हार्निश अजिबात नको. फक्त डोळ्यांना काळे चमकदार मणी लावा, प्रकाशाचा एक ठिपका तिथे पुरतो.

आता विहीर, कारण तुमच्या गोष्टीचं सगळं मर्म तिच्यात आहे, आणि मला या कामातला सगळ्यात आशादायक भागही हाच वाटतो. टेबलावरच्या बाहुलीला खोली दाखवता येत नाही. भोक पाडलं तरी प्रेक्षकाला आतलं दिसत नाही. म्हणून टेबलाच्या वर म्हातारा-नातीचं जग आणि टेबलाच्या खाली सावल्यांचा पडदा, म्हणजे विहिरीचा उभा छेद, असं करून बघा. दोर भोकातून खाली जातो. खालची व्यक्ती दोर ओढून धरते तेव्हा वरच्या बाहुलीला खरंखुरं वजन मिळतं, त्याचा अभिनय करावा लागत नाही. दोन माणसं, दोन मजले, मध्ये एक दोर: तुमच्या चार हातांची मर्यादा इथे गोष्टीच्याच कामाला येते.

पण याची मापं चुकली तर काहीच दिसणार नाही. नेहमीचं टेबल इथे बुटकं पडतं. प्रेक्षक सतरंजीवर बसले तर पहिल्या रांगेच्या डोक्यांमागे पडद्याचा खालचा भाग झाकला जातो. म्हणून टेबल 115 सेंटीमीटर उंच करा आणि वरच्या चालकासाठी मागे 25 सेंटीमीटरचा पाट ठेवा. पडदा जमिनीपासून 40 सेंटीमीटरवर सुरू होऊन 110 पर्यंत, रुंदी 90. टेबलाची मागची कड सहा सेंटीमीटर उचलली तर 60 सेंटीमीटर खोलीच्या टेबलाला पुरेसा उतार मिळतो आणि मागच्या खुर्च्यांवरून विहिरीचं तोंड दिसतं. वस्तू घसरू नयेत म्हणून वर रबरी मॅट, तिच्यावर मातीच्या रंगाचं कापड.

आणखी एक अडचण हमखास येते. वरची चालक टेबलामागे उभी, दिवा तिच्याही मागे, म्हणजे विहिरीत तिचे पाय दिसणार. टेबल 180 सेंटीमीटर लांब घ्या, पडदा फक्त डाव्या निम्म्यात ठेवा आणि चालकाने उजव्या निम्म्यात उभं राहून विहिरीच्या काठावर हात पोचवावा. हे पहिल्या आठवड्यातच खोक्यांचं टेबल रचून तपासा. सुताराकडे गेल्यावर नको.

दिव्याचा नियम साधा आहे. दिवा ते पडदा हे अंतर भागिले दिवा ते बाहुली हे अंतर, इतक्या पटीने सावली मोठी होते. दिवा पडद्यापासून 150 सेंटीमीटरवर आणि कातर-आकृती, म्हणजे कापून केलेली सावलीची बाहुली, दिव्यापासून 100 वर असली तर दीडपट, 50 वर आणली तर तिप्पट. सावलीची कड किती पुसट होईल तेही असंच निघतं: प्रकाश देणाऱ्या ठिपक्याची रुंदी गुणिले बाहुली ते पडदा अंतर, भागिले दिवा ते बाहुली अंतर. तीन मिलिमीटरचा ठिपका, आकृती दिव्यापासून 50 वर आणि पडद्यापासून 100 वर, म्हणजे कड सहा मिलिमीटर पसरते, छान दिसते. त्याच जागी 30 सेंटीमीटरची एलईडी पट्टी लावली तर कड 60 सेंटीमीटर पसरते, म्हणजे सावली उरतच नाही. म्हणून एकाच चिपचा तीन ते पाच वॅटचा एलईडी घ्या, त्यावरचं भिंग काढून टाका आणि मागे उष्णता शोषणारा ॲल्युमिनियमचा तुकडा लावा. पडद्याला धुऊन खळ काढलेलं मांजरपाट, चारही बाजूंनी ताणलेलं. स्वस्त डिमर एलईडी अतिशय वेगाने चालू-बंद करून मंद करतात. डोळ्याला ते कळत नाही, पण मोबाइलच्या चित्रणात काळे पट्टे फिरतात. पुढच्या अनुदानासाठी तुम्हाला हेच चित्रण पाठवायचं असणार, म्हणून डिमर घेताना कॅमेऱ्यातून बघूनच घ्या.

इथवरचं थोडक्यात: क्रियांची यादी आणि हातांचा तक्ता घरून न्या, पहिला आठवडा कागदी बाहुल्या आणि खोक्यांच्या टेबलावर काढा, पक्की मापं त्यातून निघू द्या आणि मगच कापायला-चिकटवायला बसा.

दुसऱ्या आठवड्यात बांधकाम सुरू झालं की एक नियम पाळा. सकाळचे तीन तास तालीम, बांधकाम त्यानंतर. उलट केलंत तर तालीम होणारच नाही, कारण बांधकामाला अंत नसतो. एकेक सुरकुती रंगवत दिवस जातो, आणि हाताला काम दिसत असल्यामुळे आपण पुढे सरकतोय असं वाटत राहतं. खरी बाहुली तयार होईपर्यंत तालीम कागदीवरच चालू ठेवा. 45 मिनिटं बाहुली धरली की दहा मिनिटं हात खाली. मनगटाच्या शिरा एकदा सुजल्या की उरलेले आठवडे गेले.

पैशांत मी सर्वात मोठा वाटा तिसऱ्या डोळ्याला देईन. बाहुली चालवणाऱ्याला बाहुली पुढून दिसत नाही, आणि तुम्ही दोघीही चालवणार आहात. पहिल्या आठवड्याच्या शेवटी एक दिवस, तिसऱ्यात दोन आणि सादरीकरणाच्या तीन दिवस आधी एक, असे चार दिवस कोणी जाणकार समोर बसायला हवा. मानधन आणि प्रवास मिळून 12,000 बाजूला ठेवा. टेबल, पाट आणि सुताराचे 8,000. फोम, कापड, कागद, टेप, चुंबकं 6,000. दिवे आणि वायर 4,000. उरलेले 10,000 तिसऱ्या आठवड्यापर्यंत मोडू नका, कारण काहीतरी एक पुन्हा पहिल्यापासून बनवावं लागतंच.

तुम्ही कोकणात असाल, तर कुडाळ तालुक्यातलं पिंगुळी जवळ पडेल. तिथल्या ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगणं, या तिन्ही कला जपल्या आहेत. परशुराम गंगावणे यांना 2021 ची पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. जा, पण बघायला आणि शिकायला जा. आधी कळवा, वेळेचं मानधन द्या, आणि त्यांच्या आकृत्या उचलून आपल्या पडद्यावर लावू नका. तिथून घ्यायचं ते कसब: एकच माणूस गात, वाद्याचा ठोका सांभाळत चित्र किंवा बाहुली कशी पुढे आणतो, आणि स्थिर आकृती आवाजाच्या बळावर कशी हलती वाटते. तुमच्या निःशब्द प्रयोगाला पहारीच्या ठोक्याची लय हवीच आहे, आणि ती कुठून येणार हा प्रश्न तुमच्या पत्रात मला दिसला नाही. रेकॉर्ड केलेला आवाज लावला तर बाहुलीला आवाजामागे धावावं लागतं. शक्य असेल तर ठोका हातानेच द्या, टेबलाखालच्या चालकाच्या पायाशी दगडावर दगड.

तिसऱ्या आठवड्यात वरचं आणि खालचं जग जोडताना गोष्ट लहान होईल, होऊ द्या. 45 मिनिटांच्या बेतातले चार प्रसंग निवडा, उरलेल्यांना आत्ता हात लावू नका. शनिवारी 20 मिनिटं भरण्याचा अट्टहास नको. 12 मिनिटं दाखवा, उरलेल्या वेळात बोला. चौथ्या आठवड्यात नवी वस्तू बनवायची नाही, फक्त काढून टाकायचं. गुरुवारी पूर्ण उजेडासह दोनदा सलग करा. काय तुटतं ते गुरुवारी तुटलं तर शुक्रवार हातात असतो.

प्रेक्षकांना ‘आवडलं का’ विचारू नका, सगळे हो म्हणतील. तीन प्रश्न विचारा: तुम्हाला काय घडताना दिसलं, म्हातारा कुठे जिवंत वाटला, आणि कुठे तुमची नजर बाहुलीवरून आमच्याकडे गेली. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं जपून लिहून घ्या. नजर चालकाकडे गेली त्या जागी जवळजवळ नेहमी एकतर बाहुलीचा श्वास थांबलेला असतो किंवा एखादा हात काम नसताना हललेला असतो. तक्त्यात ती ओळ शोधा, चूक सापडेल. शब्द नसल्यामुळे पहिल्या प्रश्नाची उत्तरंही मोलाची आहेत. दहापैकी सात जणांना नात ही मुलगी नसून म्हाताऱ्याची आठवण वाटली, तर तुम्ही ठरवलेली गोष्ट आणि बाहुल्यांनी सांगितलेली गोष्ट वेगळी आहे, आणि पुढचं काम कोणत्या गोष्टीवर करायचं हे तुम्हाला ठरवावं लागेल.

निघण्याआधी एक दिवस चित्रण आणि आवराआवरीला ठेवा. एक न कापलेलं सलग चित्रण, समोरून, स्थिर कॅमेऱ्याने, किमान पाच मिनिटांचं. बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्ससारख्या संस्थांकडे प्रस्ताव पाठवाल तेव्हा संगीत लावलेल्या जाहिरातीपेक्षा हे जास्त उपयोगी पडेल. मापं, दिव्याची जागा आणि हातांचा तक्ता यांचे फोटो काढा, कारण दोन महिन्यांनी पुन्हा उभं करताना पहिला दिवस त्यातच वाचतो. बाहुल्यांची पेटी लांबी, रुंदी आणि उंची मिळून 158 सेंटीमीटरच्या आत ठेवा, म्हणजे पुढे विमानाने न्यायची वेळ आली तर नेहमीच्या सामानात जाईल. म्हाताऱ्याला आडवं झोपवू नका, मानेचं कापड एका बाजूला ताणलं जातं आणि मग तो कायम तिकडेच कलतो. दांडीला दोरी बांधून पेटीत उभा लटकवा, डोक्याभोवती सुती पिशवी घाला, प्लास्टिक नको, आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या दर पंधरा दिवसांनी बदला. पाऊस संपेपर्यंत आठवड्यातून एकदा पेटी उघडून त्याला तासभर पंख्याखाली टांगा.